पावसाळ्यात टिकणारं कोटिंग आणि फिल्म: नॅनोसेल्युलोज आणि नॅनोपार्टिकल वापरायची पायरीपायरीने पद्धत

नवी मुंबईत रबाळे, महापे, पावणे, तुर्भे किंवा इकडे ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये ज्यांचं छोटं पेंटचं, कोटिंगचं, पॅकेजिंगचं युनिट आहे, किंवा जे पॉलिमर-केमिस्ट्री शिकतायत आणि प्रोजेक्टसाठी हा विषय घेतलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्याकडची हवा कोटिंगची खरी परीक्षा घेते. एका बाजूला खाडीची खारट हवा, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचा धूर, आणि जून ते सप्टेंबर आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाऊन बसते. बाल्कनीची ग्रिल, मशीनचा स्टँड, लाकडी दार, कोरुगेटेड बॉक्स, सगळ्यांचं तेच होतं, वरचा थर आधी पाणी पितो, फुगतो आणि मग सुटतो.

यावर उपाय म्हणून नॅनोसेल्युलोज आणि नॅनोपार्टिकल विकायला बरेच लोक येतात आणि ब्रोशरमध्ये सगळं छान दिसतं. पण माझं ठाम मत असं आहे की तुम्ही कुठलं नॅनो टाकलंत याच्यापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या, एक म्हणजे ते बाइंडरमध्ये (कोटिंग धरून ठेवणाऱ्या पॉलिमरमध्ये) सुटं-सुटं पसरलंय का, आणि दुसरी म्हणजे ओलं झाल्यावर त्या फिल्मचं काय होतं. खालची प्रत्येक पायरी या दोन प्रश्नांसाठीच आहे.

आधी माल ओळखा

नॅनोसेल्युलोज म्हणजे कापूस, लाकूड, बगॅस (उसाची चिपाडं) यातल्या सेल्युलोजचेच अतिसूक्ष्म तुकडे. बाजारात मुख्य दोन प्रकार भेटतात. सीएनसी म्हणजे सेल्युलोज नॅनोक्रिस्टल, छोट्या कडक काड्या, रुंदी साधारण ५ ते २० नॅनोमीटर आणि लांबी १०० ते ३०० च्या आसपास. हे बहुतेक वेळा ६४ टक्के सल्फ्युरिक ॲसिडने बनवतात, त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावर सल्फेट ग्रुप चिकटलेले राहतात आणि त्यांच्यावर निगेटिव्ह चार्ज असतो. हा चार्ज लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्याच्यावर आहे.

दुसरा सीएनएफ, म्हणजे नॅनोफायब्रिल. हे लांब, लवचिक, एकमेकांत गुंतणारे धागे. लगदा होमोजिनायझरमधून प्रचंड दाबाने पुन्हा पुन्हा काढून ते बनवतात, १९८० च्या दशकात अमेरिकेत हा मार्ग निघाला, पण वीज फार खायचा. नंतर जपानमध्ये सायतो आणि इसोगाई यांनी टेम्पो नावाच्या कॅटॅलिस्टने आधी लगदा ऑक्सिडाइज करायची पद्धत बसवली, त्याने ३-४ नॅनोमीटर जाडीचे सुटे धागे कमी विजेत मिळायला लागले, आणि त्या कामाला २०१५ चं मार्कस वॉलनबर्ग प्राइझ मिळालं. टेम्पोवाल्या सीएनएफवर कार्बॉक्सिल ग्रुप असतात, म्हणजे तोही निगेटिव्हच.

कुठलं कशाला घ्यायचं? लाकडावरच्या क्लिअर लॅकरला किंवा पत्र्यावरच्या पातळ कोटला सीएनसी बरं, कारण ते कमी जाड करतं आणि पारदर्शक राहतं. कागदावर, बॉक्सवर, फिल्ममध्ये सीएनएफ बरं, कारण ते जाळं बांधतं, तेल आणि ऑक्सिजन अडवतं. पण १-२ टक्क्यांतच त्याचं जेल होतं, त्यामुळे ब्रशने लावायच्या पेंटमध्ये ते जपूनच टाकायचं.

नॅनोपार्टिकल म्हणजे खनिजांचे अतिसूक्ष्म कण, त्यात प्रत्येकाचं काम वेगळं. नॅनो सिलिका ओरखडे आणि कडकपणासाठी, आणि तिचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश वाकवायचं प्रमाण) १.४६ च्या आसपास म्हणजे ॲक्रिलिकच्या १.४९ च्या अगदी जवळ, म्हणून क्लिअर कोट धुरकट होत नाही. झिंक ऑक्साइड यूव्ही शोषतं आणि बुरशीला आळा घालतं. टायटॅनियम डायऑक्साइडपण यूव्हीसाठी, पण इथे मेख आहे, ॲनाटेज प्रकार उन्हात फोटोकॅटॅलिस्ट म्हणून वागतो आणि तुमचाच बाइंडर खातो, कोटिंगवर पांढरी भुकटी सुटते. यूव्हीपासून वाचवण्यासाठी हवं असेल तर रुटाइल घ्या, तोही सिलिका किंवा ॲल्युमिनाने वरून झाकलेला. झिंक ऑक्साइडमध्येही थोडाफार हाच गुण असतो, म्हणून त्याचीही सरफेस-ट्रीटेड ग्रेड मागा.

मातीची, म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट नॅनोक्लेची पानं फक्त १ नॅनोमीटर जाड असतात, ती फिल्ममध्ये आडवी बसली की पाण्याच्या वाफेला वळसे घेत जावं लागतं, संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीतून पलीकडे जाताना लागतात तसे. पानं उभी किंवा गठ्ठ्याने राहिली तर फायदा जवळपास शून्य.

विकत घेताना

भाव नेहमी सुक्या मालाच्या हिशेबात विचारा. २ टक्क्यांच्या जेलच्या १ किलोच्या डब्यात खरा माल फक्त २० ग्रॅम असतो, बाकी पाण्याचे पैसे. तरीही सीएनएफ ओलाच घ्या. एकदा पूर्ण सुकला की धागे एकमेकांना कायमचे चिकटतात आणि कितीही ढवळलं तरी आधीसारखे सुटे होत नाहीत. सीएनसी पावडर चालते, पण सोडियम स्वरूपातली मागा, ॲसिड स्वरूपातली सुकवली की नीट परत पसरत नाही आणि उष्णताही कमी सहन करते.

सप्लायरकडून चार आकडे लेखी घ्या: सॉलिड (सुका माल) किती, पीएच किती, चार्ज किंवा झीटा पोटेन्शियल (कण एकमेकांना किती जोरात ढकलतात ते सांगणारा आकडा) किती, आणि प्रिझर्वेटिव्ह घातलंय का. हे आकडे देत नसेल तर दुसरा सप्लायर बघा. आपल्याकडे माटुंग्याला आयसीएआर-सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेत कापसाच्या लिंटरपासून (सरकीवरच्या आखूड तंतूंपासून) नॅनोसेल्युलोज बनवायचा पायलट प्लांट आहे, आणि आयसीटीचा (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचा) सरफेस कोटिंगचा विभागही तिथून जवळच, ठाण्याहून स्लो लोकलने सरळ जाता येतं. तांत्रिक शंका असेल तर एजंटला विचारण्यापेक्षा तिथे विचारलेलं कधीही चांगलं.

जेल आलं की फ्रीजमध्ये ४ ते ८ अंशांवर ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की गुठळ्या होतात. आणि हे शेवटी सेल्युलोज आहे, बुरशीचं अन्न, पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर काही दिवसांत वास यायला लागतो.

पायरी १: डोसचा हिशेब कागदावर करा

डोस नेहमी सुक्या बाइंडरवर काढायचा. समजा १ किलो ॲक्रिलिक इमल्शन (पाण्यात पसरवलेला बाइंडर) आहे, ४५ टक्के सॉलिडचं, म्हणजे ४५० ग्रॅम सुका बाइंडर. त्यावर १ टक्का सीएनसी म्हणजे ४.५ ग्रॅम. सीएनसी ४ टक्क्यांच्या सस्पेन्शनमध्ये असेल तर ते ११२.५ ग्रॅम ओतावं लागेल आणि त्याच्याबरोबर १०८ ग्रॅम पाणी आत येईल. आता एकूण वजन १११२.५, सॉलिड ४५४.५, म्हणजे ४५ वरून सुमारे ४०.९ टक्क्यांवर आलात. हाच डोस ४ टक्के केला तर ४५० ग्रॅम सस्पेन्शन लागतं आणि सॉलिड ३२ च्या आसपास येतं, मग ते उभ्या पृष्ठभागावर लावायला आणि सुकायला दोन्हीला त्रास. म्हणून जास्त डोस हवा असेल तर आधी जास्त टक्क्यांचं सस्पेन्शन बनवता येतंय का ते बघावं लागतं.

किती टाकायचं याला एक जुना ढोबळ हिशेब आहे. काड्यांचं सलग जाळं व्हायला लागणारं प्रमाण म्हणजे ०.७ भागिले लांबी-रुंदीचं गुणोत्तर. सीएनसीचं गुणोत्तर २० धरलं तर ३.५ टक्के आकारमानाने, वजनाने म्हणाल तर ४.७ टक्क्यांच्या आसपास. सीएनएफचं १०० धरलं तर फक्त ०.७ टक्के. याचा अर्थ एवढं टाकायलाच पाहिजे असं नाही, ओरखडे आणि चिकटपणा सुधारायला यापेक्षा बरंच कमी पुरतं. मी ०, ०.५, १, २ अशी शिडी करायला सांगेन, सिलिका घेत असाल तर ती वेगळ्या शिडीत, आणि दोन्ही एकत्र शेवटी. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

शून्य डोसच्या सँपलमध्येही तेवढंच पाणी घाला जेवढं सीएनसीबरोबर येतंय. हे फार लोक करत नाहीत, आणि मग पातळ झाल्याचा परिणाम नॅनोच्या नावावर जातो.

पायरी २: पाण्यात सुटं करणं

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पाणी डीआय (क्षार काढलेलं) किंवा डिस्टिल्डच वापरा. एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी असो की महापालिकेचं नळाचं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतातच आणि निगेटिव्ह चार्जच्या काड्या या क्षारांनी एकत्र येऊन बसतात.

सीएनसी पावडर असेल तर पाणी आधी ढवळत ठेवा आणि पावडर हळूहळू चिमटी-चिमटीने सोडा, उलटं करू नका, पावडरवर पाणी ओतलं की बाहेरून जेल आणि आत कोरडी अशा गुठळ्या होतात. २ ते ४ टक्के ठेवा, रात्रभर ढवळू द्या. मग प्रोब सोनिकेटर, म्हणजे द्रवात बुडवलेल्या दांडीतून अल्ट्रासाउंड सोडणारं मशीन. सुरुवातीला ग्रॅममागे ५,००० ज्यूलच्या आसपास धरा: १०० मिलीत २ टक्के म्हणजे २ ग्रॅम, त्याला १०,००० ज्यूल, आणि मशीन ५० वॅट खरी पॉवर दाखवत असेल तर २०० सेकंद. भांडं बर्फात ठेवा आणि मध्ये मध्ये थांबा, कारण गरम झालं की सल्फेट ग्रुप निघायला लागतात आणि चार्ज कमी होतो. सोनिकेटर नसेल तर रोटर-स्टेटर हाय-शिअर (प्रचंड वेगाने कातरत ढवळणाऱ्या) मिक्सरनेही बरंच काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो. साधा बाथ सोनिकेटर, ज्यात चष्मे-दागिने धुतात तो, याला पुरत नाही.

सीएनएफच्या जेलला सोनिकेशनची गरज सहसा नसते, त्याला पाणी घालून हाय-शिअरने एकजीव करा. यात हवा खूप अडकते आणि जेल असल्यामुळे ती स्वतःहून वर येत नाही, म्हणून व्हॅक्युममध्ये ठेवून काढावी लागते, नाहीतर फिल्मला पिनहोल पडणारच.

सुटं झालंय का हे बघायची स्वस्त युक्ती सांगतो. जुन्या एलसीडी स्क्रीनमधून पोलरायझर शीटचे दोन तुकडे काढा, एकमेकांना काटकोनात धरून मधून प्रकाश जात नाही असं करा, आणि मध्ये सीएनसीची काचेची बाटली हलवून धरा. चांगलं पसरलेलं असेल तर हलवताना चमकदार पट्टे, रंग दिसतात. ठिपके-ठिपके दिसले तर अजून गुठळ्या आहेत, अजून ढवळा. दुसरी परीक्षा म्हणजे काचेवर पातळ ओढून सुकवा आणि बोट फिरवा, रवाळ लागता कामा नये.

पायरी ३: चार्ज जुळवणं, इथेच बहुतेक बॅच मरतात

सीएनसी निगेटिव्ह. आता त्यात तुम्ही काय टाकताय? कोलॉइडल सिलिका पीएच ८-९ ला निगेटिव्हच असते, दोघं एकमेकांना ढकलतात, मिश्रण शांत राहतं. पण झिंक ऑक्साइडचा चार्ज साधारण पीएच ९ ते ९.५ ला शून्य होतो आणि त्याच्या खाली तो पॉझिटिव्ह असतो, ॲल्युमिनाचंही ८-९ च्या आसपास तसंच. म्हणजे तुम्ही पीएच ७ ला झिंक ऑक्साइडचं डिस्पर्शन सीएनसीत ओतलंत की निगेटिव्ह-पॉझिटिव्ह चिकटतात आणि पाच मिनिटांत खाली गाळ. माल खराब नव्हता, चार्ज उलटा होता.

यावर दोन उपाय. एकतर झिंक ऑक्साइड असं विकत घ्या की ज्याला ॲनायोनिक डिस्पर्संटने (निगेटिव्ह चार्जच्या, कण सुटे ठेवणाऱ्या रसायनाने) किंवा सिलिकाने झाकलंय, म्हणजे बाहेरून तो निगेटिव्हच दिसतो. किंवा नॅनोपार्टिकल आधी बाइंडरमध्ये नीट बसवा आणि सीएनसी नंतर सोडा. पहिला मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. शिवाय झिंक ऑक्साइड ॲसिडमध्ये विरघळतो आणि सुटलेले झिंकचे आयन कार्बॉक्सिलवाल्या बाइंडरला आणि टेम्पो सीएनएफला घट्ट जेल करतात, त्यामुळे पीएच ८ च्या खाली जाऊ देऊ नका. अमोनिया थेंबाथेंबाने घालून ८.५ च्या आसपास आणा.

इमल्शन ॲनायोनिक किंवा नॉनआयोनिक (बिनचार्जचं) असलंच पाहिजे, कॅटायोनिक (पॉझिटिव्ह चार्जचं) नको. आणि पत्र्यावरच्या कोटमध्ये फ्लॅश-रस्ट (पाण्याचं कोटिंग लावताच पत्र्यावर येणारा गंज) थांबवायला जे सोडियम नायट्राइट वगैरे घालतात, ते क्षार आहेत, सीएनसीला मारतात. ते अगदी शेवटी, भरपूर पाण्यात पातळ करून, ढवळता ढवळता घाला, किंवा मग क्षार नसलेला इनहिबिटर शोधा.

मोठी बॅच करायच्या आधी ५० मिलीच्या बाटलीत हे सगळं करून एक बाटली टेबलावर आणि एक ५० अंशांच्या ओव्हनमध्ये आठवडाभर ठेवा. गाळ, वेगळं पाणी, जेल, वास, यातलं काही दिसलं तर फॉर्म्युला अजून तयार नाही.

पायरी ४: एकत्र करायचा क्रम

इमल्शन हळू फिरत्या स्टररखाली ठेवा, पीएच बघा, मग पातळ केलेलं नॅनोसेल्युलोज बारीक धारेने सोडा, त्यानंतर नॅनोपार्टिकलचं डिस्पर्शन (पायरी ३ मधला दुसरा उपाय घेतला असेल तर हे दोन उलट क्रमाने), मग कोअलेसंट (बाइंडरचे कण सुकताना एकजीव करणारं), मग डिफोमर (फेस मारणारं), आणि इन-कॅन बायोसाइड (डब्यात माल सडू न देणारं) विसरू नका. या टप्प्यावर हाय-शिअर नको, इमल्शन फुटू शकतं. १०० मेशच्या गाळणीने गाळा आणि गाळणीवर काय राहिलं ते वजन करून लिहून ठेवा, कारण तिथे राहिलेला माल तुमच्या कोटिंगमध्ये नाहीये. मग एक रात्र तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी ते जाड वाटेल, हलवलं की पातळ होईल, हा नॅनोसेल्युलोजचा स्वभावच आहे आणि उभ्या पृष्ठभागावर ओघळ न येण्यासाठी तो उपयोगीच पडतो, त्यामुळे घाबरून पाणी ओतू नका.

पायरी ५: लावणं, आणि आपल्याकडचा पावसाळा

पॅनेल साफ करणं, ग्रीस काढणं, गंज घासणं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. पण दवबिंदू, म्हणजे हवेतलं पाणी ज्या तापमानाला दव बनून जमतं ते तापमान, मात्र बघाच. नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. आता जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७.२ येतो, म्हणजे पत्रा ३०.२ च्या वर पाहिजे. सावलीत ठेवलेला पत्रा त्या दिवशी पासच होत नाही! डोळ्यांना काही दिसत नाही पण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असू शकतो, आणि वरून पाण्यात बनवलेलं कोटिंग, त्यातून पाणी बाहेर जायला हवेत जागा नाही. अशा दिवशी पॅनेल ४०-४५ अंशांवर गरम करून घ्या आणि सुकवायच्या खोलीत डीह्युमिडिफायर लावा, नुसता पंखा ओली हवाच फिरवतो.

१०० मायक्रॉन ओली फिल्म ओढली तर वरच्या ४०.९ टक्के सॉलिडच्या मिश्रणाची सुकी जाडी साधारण ३८-३९ मायक्रॉन येते. तुलना करताना सुकी जाडी सारखी करा. १० मायक्रॉन जास्त असलेलं पॅनेल नॅनोशिवायही जिंकतं.

फिल्म बनवायची असेल तर

सुरुवातीला पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) घेऊन शिका. ९८-९९ टक्के हायड्रोलाइज्ड ग्रेड घ्या, ८७-८९ वाली थंड पाण्यातही विरघळते आणि पावसाळ्यात चिकट होते. थंड पाण्यात भिजवून मग ९०-९५ अंशांवर ढवळत विरघळवा, ५ टक्के. थंड झाल्यावर त्यात सीएनसी, मग थोडं ग्लिसरीन.

ओतायचं किती? २० बाय २० सेंटीमीटरचा ट्रे म्हणजे ४०० चौरस सेंटीमीटर, ५० मायक्रॉन सुकी फिल्म हवी तर आकारमान २ घनसेंटीमीटर, घनता १.३ धरली तर २.६ ग्रॅम सुका माल, म्हणजे ५ टक्क्यांचं द्रावण ५२ ग्रॅम. ट्रे लेव्हल बघून ठेवा, ४० अंशांवर सावकाश सुकवा. घाई करून ७०-८० वर ठेवली की वरचा पापुद्रा आधी धरतो आणि खाली पाणी अडकतं. ग्लिसरीन सुक्या पीव्हीएच्या १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, लवचिकपणा येतो पण ओलावाही तेच ओढतं.

ओलाव्याचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. सुक्या हवेत सीएनएफची फिल्म ऑक्सिजन इतका अडवते की ईव्हीओएचसारख्या महागड्या बॅरियर प्लास्टिकशी तिची तुलना होते. पण सेल्युलोजला पाणी आवडतं, आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की धाग्यांमध्ये पाणी शिरतं, धागे सरकतात आणि ऑक्सिजन कित्येक पटींनी जास्त जायला लागतो. रिसर्च पेपरमधले देखणे आकडे बहुतेक ० किंवा ५० टक्के आर्द्रतेचे असतात. वाशीच्या एपीएमसीत जून महिन्यात उभा असलेला आंब्याचा बॉक्स त्या आकड्यांवर चालत नाही. बाहेरचा डेटा बघताना आधी आर्द्रता किती होती ते शोधा, ती लिहिलेली नसेल तर तो आकडा आपल्या कामाचा नाही.

तीन मार्ग आहेत. पहिला, सँडविच. नॅनोसेल्युलोजचा थर मध्ये आणि त्याच्या वर-खाली पाणी न पिणारा थर, कागदासाठी ॲक्रिलिक डिस्पर्शन किंवा वॅक्स इमल्शन, फिल्मसाठी पॉलिइथिलीन. नॅनोसेल्युलोज तेल आणि ऑक्सिजन अडवेल, पाण्याची वाफ वरचा थर अडवेल, एकाच थराकडून सगळं काम मागू नका. कोरुगेटेड बॉक्सला मी हाच मार्ग सुचवेन.

दुसरा, क्रॉसलिंक, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक गाठींनी बांधणं. फिल्मसाठी सिट्रिक ॲसिड, सुक्या मालाच्या ५ ते १० टक्के, फिल्म सुकल्यावर १२०-१३० अंशांवर १५-२० मिनिटं, पिवळट झाली तर तापमान कमी करा. मात्र हे ॲसिड आहे, झिंक ऑक्साइडवाल्या फॉर्म्युल्यात नको. कागदाच्या कोटमध्ये अमोनियम झिर्कोनियम कार्बोनेट चालतं, कार्बॉक्सिलवाल्या ॲक्रिलिकमध्ये पॉलिकार्बोडायइमाइड, पण ते घातलेलं मिश्रण ठरलेल्या वेळातच संपवावं लागतं. ग्लुटराल्डिहाइड प्रयोगांच्या पेपरमध्ये सारखं दिसतं, छोट्या युनिटमध्ये वापरू नका, श्वासाला आणि कातडीला वाईट आहे.

तिसरा, पाणी न आवडणारं सीएनसी, म्हणजे पृष्ठभाग सिलेनने वगैरे बदललेलं. सॉल्व्हेंट-बेस्ड इपॉक्सी किंवा पीयूमध्ये (पॉलियुरेथेनमध्ये) घालायचं असेल तर याच्याशिवाय पर्यायच नाही, साधं सीएनसी तिथे गोळा होऊन बसतं आणि त्या गोळ्यांच्या कडेने पाणी उलट जास्त आत जातं. सुरुवात करणाऱ्यांनी मात्र पाण्याच्या सिस्टीमवरच हात बसवावा.

पायरी ६: तपासणी

पहिली तपासणी घरच्या साधनांनी होते. बाष्प किती जातं ते बघायला ५ सेंटीमीटर व्यासाच्या तोंडाची बरणी घ्या, आत सुकवलेलं कॅल्शियम क्लोराइड, तोंडावर फिल्म मेणाने किंवा टेपने घट्ट, आणि ही बरणी ओल्या हवेच्या डब्यात ठेवा. २४ तासांनी वजन ०.५ ग्रॅम वाढलं तर क्षेत्रफळ ०.००१९६ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे २५५ ग्रॅम. एएसटीएम (अमेरिकन टेस्टिंग मानक) ई९६ ची कप टेस्ट याच तत्त्वावर आहे, तिथे बऱ्याचदा ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता घेतात आणि आपल्यासाठी तीच अट योग्य.

कोटिंगला चिकटपणासाठी क्रॉस-कट (ब्लेडने चौकोनी रेघा मारून टेप ओढायची टेस्ट), कडकपणासाठी पेन्सिल (वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिलींनी ओरखडून बघायची). पण दोन्ही टेस्ट दोनदा करा, एकदा सुक्या पॅनेलवर आणि एकदा ४८ तास पाण्यात बुडवून बाहेर काढल्यावर एका तासाच्या आत. सुका निकाल सगळ्यांचाच छान येतो, विश्वास ओल्यावर ठेवा. सुक्यात कडक झालेलं आणि ओल्यात ब्लँकपेक्षा (शून्य डोसच्या पॅनेलपेक्षा) आधी सुटलेलं कोटिंग म्हणजे डोस जास्त झालाय किंवा क्रॉसलिंक कमी पडलंय.

गंजासाठी सॉल्ट स्प्रे, एएसटीएम बी११७, ५ टक्के मीठ, ३५ अंश, पॅनेलवर धातूपर्यंत रेघ मारून, आणि रेघेपासून गंज किती मिलीमीटर आत सरकला ते मोजा. हे एनएबीएलची मान्यता असलेल्या बाहेरच्या लॅबमध्ये करून घेता येतं. पण सॉल्ट स्प्रेवर सगळी मदार नको, त्यात ऊन नाही. यूव्हीसाठी क्यूयूव्ही टेस्ट (यूव्ही दिवे आणि ओलावा आळीपाळीने देणारी) आहे, आणि तिच्या जोडीला स्वतःच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंशांवर एक रॅक लावा, ब्लँकसकट, खाडीच्या बाजूला जमलं तर उत्तमच. एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा काढलेलं पॅनेल जे सांगतं ते कुठलंही मशीन सांगत नाही. दर महिन्याला एकाच जागेवरून, एकाच उजेडात फोटो काढा.

बुरशीविरोधी असा दावा करायचा असेल तर टेस्ट करूनच करा. झिंक ऑक्साइड घातलं म्हणून बुरशी थांबली असं होत नाही, तो फिल्मच्या आत पुरलेला असेल तर बाहेर त्याचं काहीच चालत नाही, आणि वर नॅनोसेल्युलोज म्हणजे बुरशीला खाद्य.

जिवाची काळजी

नॅनो पावडर कोरडी हाताळणं टाळा, डिस्पर्शन घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासातून जाण्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला २बी गटात, म्हणजे कॅन्सरची शक्यता असलेल्या गटात टाकलंय, आणि अमेरिकेच्या नायोश संस्थेने २०११ मध्ये साध्या बारीक पावडरसाठी घनमीटरमागे २.४ मिलीग्रॅम तर अतिसूक्ष्मसाठी फक्त ०.३ मिलीग्रॅमची मर्यादा सुचवली. फरक बघा, आकार लहान झाला की मर्यादा आठ पट कडक. पावडर उघडायचीच असेल तर फ्युम हूडमध्ये, किमान एन९५ लावून, आणि सांडलेलं झाडूने झाडू नका, ओल्या कपड्याने पुसा. कोटिंग स्प्रे करताना आणि सुकलेलं घासताना तर मास्क हवाच, साधा सर्जिकल चालत नाही. कामगारांना हे तुम्हीच समजावून सांगायचं, डब्यावरच्या इंग्रजी लेबलवर सोडू नका.

धुतलेलं पाणी गटारात सोडू नका, झिंक पाण्यातल्या जिवांना विषारी, आणि आपल्याकडचं गटार शेवटी खाडीतच जातं. वेगळ्या ड्रममध्ये साठवा, थोडी तुरटी किंवा कॅल्शियम क्लोराइड घातलं की माल खाली बसतो, वरचं पाणी ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया प्लांटला) आणि गाळ घातक कचऱ्याच्या यादीतून रीतसर.

अन्नाला लागणारी फिल्म किंवा बॉक्स असेल तर एफएसएसएआयचे २०१८ चे पॅकेजिंगचे नियम लागू होतात, प्लास्टिक मटेरियलचं एकूण मायग्रेशन (पॅकिंगमधून अन्नात उतरणारा माल) किलोमागे ६० मिलीग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरमागे १० मिलीग्रॅमच्या आत पाहिजे. ही टेस्ट पास होईपर्यंत गिऱ्हाइकाला सँपलसुद्धा देऊ नका.

२० लिटरवर जाताना

प्रोब सोनिकेटर २० लिटरला कामाचा नाही. तिथे होमोजिनायझर भाड्याने मिळतो का बघा, किंवा आधीच सुटं केलेलं सस्पेन्शन घ्या आणि फक्त ढवळून वापरा. प्रत्येक बॅचचं २५० मिली सँपल तारीख, पीएच, व्हिस्कॉसिटी आणि गाळणीवरचं वजन लिहून बाजूला ठेवा, कारण कापसाचा किंवा लाकडाचा लॉट बदलला की नॅनोसेल्युलोजचा चार्ज आणि जाडपणा बदलतो आणि सप्लायर ते सांगेलच असं नाही. नवीन लॉट आला की आधी ५० मिलीची बाटली-टेस्ट, आठवडा थांबा, मगच ड्रम उघडा. जूनच्या आधी माल द्यायचा असेल तर हे सगळं फेब्रुवारीतच सुरू करावं लागतं.